पहिलीत ती एकटीच असेल

"बाई, नमस्कार. मी गुहागर तालुक्यात खाडीकाठच्या एका वाडीत राहते. माझी मुलगी येत्या जूनमध्ये पहिलीत जाईल. वाडीतल्या जिल्हा परिषद शाळेत चौथीपर्यंत मिळून सात मुलं आहेत. पहिलीत ती एकटीच असेल. सासरे याच शाळेत शिकले. तेव्हा म्हणे पडवीतही मुलं बसायची. जाऊबाईंचा मुलगा व्हॅनने १४ किलोमीटरवरच्या इंग्रजी शाळेत जातो, त्याच्या वर्गात ४८ मुलं आहेत. सगळे म्हणतात, आपली शाळा दोन वर्षांत बंद होणार, पोरीचं नुकसान करू नकोस. शाळा समितीतले काहीजण म्हणतात, मुंबईच्या भाच्या-पुतण्यांची नावं पटावर घालू, म्हणजे शाळा टिकेल. हे मुंबईला असतात, निर्णय माझ्यावर सोडलाय. काय करू?
– एक आई, गुहागर तालुका"

ताई,

जून जवळ आलाय, म्हणून उत्तर आधी देते. शाळेतले शिक्षक रोज वेळेवर हजर असतील आणि पोरांना मनापासून शिकवत असतील, तर मुलीला वाडीच्याच शाळेत घाला. ते तसं आहे की नाही हे कसं बघायचं, ते पुढे लिहिते. आणि तसं नसेल, तर केवळ सासऱ्यांची शाळा म्हणून तिथे घालू नका.

मी १९८१ ला नोकरीला लागले. पहिली नेमणूक बंदरावरच्या मोठ्या गावात, आणि माझ्या पहिलीच्या वर्गात ६२ मुलं. तास ३५ मिनिटांचा. त्यातली पाच-सहा मिनिटं हजेरीत जायची. उरलेल्या वेळेची वाटणी केली तर एका मुलाच्या वाट्याला अर्धं मिनिटही येत नव्हतं. तिसऱ्या रांगेत एक मुलगी बसायची. पुस्तक उघडलं की बोट ओळीवर ठेवून घडाघडा वाचायची. तिचं पुस्तक पावसात भिजलेलं होतं, मधली दोन पानं एकमेकांना घट्ट चिकटली होती. दिवाळीच्या सुट्टीनंतर एकदा मी तिला उभं केलं आणि नेमकी तिच्या शेजारी जाऊन थांबले. चिकटलेल्या पानांशी आल्यावर तिने एकदम पुढचं पान उलटलं, पण तोंडाने म्हणत राहिली ते मधल्या पानावरचं. बोट एका धड्यावर, शब्द दुसऱ्या धड्याचे. जूनपासून ती सगळं पुस्तक कानाने पाठ करून म्हणत होती आणि मी शाबास, बस खाली, म्हणत होते. पाच महिने! तिला एक अक्षर ओळखता येत नव्हतं. हुशार पोर होती म्हणून तर तिने ते इतकं छान झाकलं.

मोठ्या वर्गाचं नुकसान हे असं असतं. गोंगाट, दंगा, दप्तरांची गर्दी हे दिसतं तरी. जे मूल गप्प बसून मागे राहतं, ते दिसतच नाही.

नोकरीची शेवटची सहा वर्षं मी ११ पटाच्या शाळेत काढली. तिथे कुठल्या मुलाला 'श' आणि 'ष' मध्ये अडखळायला होतं, कोण हातचा घ्यायला विसरतं, कुणाच्या घरी आदल्या रात्री भांडण झालंय, हे मला सकाळी प्रार्थना संपायच्या आत कळायचं. म्हणून लहान पटाला घाबरू नका, असं मी तुम्हाला मनापासून सांगते. पुस्तकी आधार हवा असेल तर तोही आहे. अमेरिकेत टेनेसी राज्यात १९८५ पासून चार वर्षं एक मोठा प्रयोग झाला. सुमारे ११,६०० मुलं, चिठ्ठ्या टाकाव्यात तशी काही १३ ते १७ मुलांच्या वर्गात गेली आणि काही २२ ते २५ च्या. बालवर्गापासून तिसरीपर्यंत लहान वर्गातली मुलं वाचनात आणि गणितात पुढे राहिली, आणि गरिबाघरच्या मुलांना त्याचा फायदा जास्त झाला. तिथला 'मोठा' वर्गसुद्धा तुमच्या जाऊबाईंच्या मुलाच्या वर्गाच्या निम्मा होता, हे लक्षात घ्या.

पण त्या प्रयोगात एका मुलीचा वर्ग नव्हता. तुमची खरी काळजी तीच आहे, आणि ती रास्त आहे. तिच्याकडे येते. त्याआधी शाळा रिकामी का झाली हे थोडं बोलू, कारण तुमच्या पत्रात कुठेतरी अशी शंका आहे की पट घसरला म्हणजे शाळाच वाईट असणार.

तुमच्या सासऱ्यांच्या वेळी मुंबईला जायचा तो एकटा बाप्या माणूस. गिरणीत नाहीतर गोदीत काम, गाववाल्यांच्या खोलीत वळकटी टाकून राहणं, महिन्याला मनिऑर्डर. बायको, मुलं, म्हातारी माणसं गावाला. म्हणजे मुंबईच्या पगारावर जगणारी मुलं कोकणातल्या शाळांच्या पटावर असायची. पुढे चाळीतली खोली सुटली, विरार-नालासोपाऱ्याकडे, दिवा-बदलापूरकडे स्वतःचा एक खोली-किचनचा संसार झाला आणि बायकामुलं तिकडे गेली. आता ती मुलं शाळेच्या आवारात येतात ती गणपतीत आणि शिमग्याला, खेळायला. २००१ ते २०११ या दहा वर्षांत महाराष्ट्राची लोकसंख्या १६ टक्क्यांनी वाढली, आणि त्याच दहा वर्षांत रत्नागिरी जिल्ह्याची १६ लाख ९७ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर आली. सिंधुदुर्गाचीही १९ हजारांनी घटली. शिवाय मुलंच कमी जन्मतात. राज्यात १९९२-९३ च्या पाहणीत एका बाईमागे सरासरी २.९ मुलं होती, २०१९-२१ च्या पाहणीत १.७. माझ्या पहिल्या शाळेत एका घरची तीन-तीन भावंडं तीन वर्गांत असायची. आता पाठोपाठची दोन भावंडं पटावर दिसली तर शिक्षकाला बरं वाटतं.

आणखी एक कारण आहे, ते चांगलं कारण आहे. आपल्याकडे गाव म्हणजे दहा वाड्या. दोन वाड्यांमध्ये पऱ्या, म्हणजे ओढा, मध्ये डोंगराची सोंड, पावसात साकव, म्हणजे त्यावरचा छोटा पूल, वाहून गेला की पलीकडचं जग तुटतं. म्हणून वाडी तिथे शाळा झाली. १९८७ पासून खडू-फळा मोहिमेत एकशिक्षकी शाळांना दुसरा शिक्षक आणि दुसरी खोली मिळू लागली, २००१ च्या सुमारास वस्तीशाळा निघाल्या. सहा वर्षांच्या पोराला पऱ्या ओलांडायला लागू नये म्हणून हे केलं. पण त्याच वेळी मुलं कमी होत गेली, आणि जी होती ती तीन-तीन शाळांत वाटली गेली. मग व्हॅन आल्या. तुमच्या वाडीचा पट सातवर आला त्यात तुमच्या गुरुजींचा दोष असेलच असं नाही. 'असर' या ग्रामीण शिक्षणाच्या २०२४ च्या पाहणीत देशभरातल्या ग्रामीण सरकारी प्राथमिक शाळांपैकी निम्म्याहून अधिक शाळांत ६० पेक्षा कमी मुलं आढळली. हिमाचलातही हेच चाललंय.

आता तुमच्या मुलीचा एकटेपणा.

सात मुलांच्या शाळेत पहिली, दुसरी, तिसरी, चौथी अशा भिंती नसतात, किंवा नसाव्यात. सगळी एका खोलीत बसतात. चांगला शिक्षक याचा फायदा करून घेतो: तिसरीतला मुलगा पहिलीच्या मुलीला गोष्ट वाचून दाखवतो, आणि दाखवता दाखवता त्याचंच वाचन पक्कं होतं. याला बहुवर्ग अध्यापन म्हणतात, आणि तो नाइलाजाचा उपाय आहे असं समजू नका. आंध्रातल्या ऋषी व्हॅली या शिक्षणसंस्थेत छोट्या खेडेशाळांसाठी शिकायच्या गोष्टींची कार्डं तयार झाली, मूल आपल्या वेगाने एकेक पायरी चढतं. कर्नाटकात म्हैसूरकडच्या एच. डी. कोटे तालुक्यात १९९५ ला 'नली-कली' सुरू झालं आणि पुढे राज्यभर गेलं. 'नली-कली' म्हणजे आनंदाने शिका. आपल्याकडे साताऱ्याच्या कुमठे बीटमधल्या (बीट म्हणजे आसपासच्या शाळांचा गट) जिल्हा परिषद शाळा बघायला राज्यभरातून शिक्षक जात होते, मीही जाऊन आले. तिथल्या फरशीवर आखलेल्या चौकटी, काड्यांचे गठ्ठे, खडे, चिंचोके घेऊन बसलेली मुलं पाहिल्यावर माझी अर्धी नोकरी फळ्याकडे तोंड करून गेली याचं मला फार वाईट वाटलं होतं.

पण कार्डं आणि काड्या बरोबरीची मैत्रीण देत नाहीत. सात मुलं म्हणजे कबड्डीचा बरोबर एक संघ. समोर कोण? माझ्या ११ मुलांना हाच प्रश्न पडायचा. पऱ्यापलीकडच्या वाडीत आठ मुलांची शाळा होती. तिथल्या गुरुजींशी बोलले, केंद्रप्रमुखांना सांगितलं, दोन्ही वाड्यांतल्या पालकांची सही घेतली, आणि पाऊस सरल्यावर दर शनिवारी दोन्ही शाळा एकत्र बसू लागल्या. एक शनिवार आमच्याकडे, एक त्यांच्याकडे. पहिल्याच शनिवारी लहानमोठी मिळून १९ झाली. खो-खोला एका बाजूला नऊ लागतात. नऊ आणि नऊ अठरा, आणि एक शिट्टी वाजवायला! मातीत फक्कीने पाट्या आखल्या तेव्हा चौथीतल्या एका मुलाने मला विचारलं, "बाई, म्हणजे आज खरा खो-खो?" तोवर तो चार गड्यांचा खो-खो खेळत आला होता. त्याच वर्षी आमच्या पहिलीतल्या एकुलत्या मुलीला पलीकडच्या पहिलीतली दुसरी मुलगी भेटली. आठवडाभर दोघी एकमेकींना द्यायच्या चिठ्ठ्या लिहून ठेवायच्या. लेखनाचा तेवढा सराव मी कधीच करून घेऊ शकले नसते.

तुमच्या आसपास अशी दुसरी शाळा नक्की असेल. मे महिन्यातच चौकशी करा की तिथे पहिलीत कोण येतंय. गुरुजी नवीन असतील, संकोचतील, तर तुम्ही पालक म्हणून मागणी करा. शाळा व्यवस्थापन समितीत निम्म्या जागा महिलांच्या असतात, त्यांपैकी एका जागी तुम्ही बसायला हरकत नाही.

आता शाळा कशी बघायची. स्नेहसंमेलन नको, पंधरा ऑगस्ट नको. साधा मंगळवार-बुधवार निवडा, गुरुजींना सांगून जा, आणि परिपाठापासून खिचडी होईपर्यंत मागे पाटावर बसून राहा. शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे ६० पर्यंत पट असलेल्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक हवेत. तुमच्याकडे दोघं आहेत का? कागदावर दोघं आणि प्रत्यक्षात एक कामगिरीवर दुसऱ्या शाळेत, असं असतं बऱ्याच ठिकाणी. उरलेला एक बैठकीला, नाहीतर मतदारयादीच्या कामाला गेला की शाळा मदतनीस ताईंच्या भरवशावर. आठवड्यात असे किती दिवस जातात ते वाडीतल्या मुलांनाच विचारा, ती खरं सांगतात. गुरुजी मोबाइलवर माहिती भरत बसलेले दिसले तर लगेच नाव ठेवू नका. वरून दिवसाला दोन-दोन तक्ते मागवतात, ती माणसंही वैतागलेली असतात. पण तेवढ्यात पोरं काय करतायत ते बघा. काहीतरी स्वतःचं करतायत, की नुसती पाढे ओरडतायत?

वह्या चाळा. सातही वह्यांत एकच उतारा फळ्यावरून उतरवलेला असेल, तर सात मुलं असूनही ६२ च्या वर्गासारखंच शिकवणं चाललंय, आणि मग लहान पटाचा तुमच्या मुलीला काडीचा उपयोग नाही. प्रत्येक वहीत वेगळी चूक, आणि त्या चुकीशेजारी शिक्षकाने केलेली खूण दिसली, तर निर्धास्त राहा. दुसरीतल्या मुलाला एक न शिकवलेलं पान वाचायला द्या. घाई करू नका, त्याला वेळ द्या. आणि मुलं शिक्षकाला प्रश्न विचारतात का, हे तर बघाच. सात मुलांच्या शाळेत एक शिक्षक म्हणजे सगळं जग असतं. तो प्रेमळ असेल तर त्यासारखं भाग्य नाही. तो खेकसणारा असेल तर मुलाला लपायला मागचा बाकही नसतो. असा शिक्षक दिसला तर मी तुम्हाला दुसरी शाळा बघा म्हणेन.

इंग्रजीबद्दल थोडक्यात. घरी मराठी, वाडीत मराठी, आणि सहाव्या वर्षी वाचायला शिकायचं ते इंग्रजीत, ४८ मुलांत, रोज २८ किलोमीटर व्हॅनमध्ये बसून. यात मुलीचं किती नुकसान आणि किती भलं, हे वाडीतल्या माणसांनी मोजलेलं नाही. २०२० च्या शैक्षणिक धोरणातही शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवा असंच म्हटलंय. आधी एका भाषेत वाचायला येऊ दे, दुसरी तिच्या खांद्यावर बसून येते. जिल्हा परिषद शाळांत इंग्रजी पहिलीपासून आहेच, २००० सालापासून. जाऊबाईंशी मात्र यावरून वाद घालू नका, त्यांनी त्यांच्या मुलाचं हित बघूनच केलंय. त्यांच्या मुलाला सुट्टीत मराठी गोष्टी वाचायला तुमच्याकडे बोलवा.

शाळा बंद होईल का? होऊ शकते, हे तुमच्यापासून लपवणार नाही. २०१७ च्या अखेरीस १० पेक्षा कमी पटाच्या तेराशेवर शाळा जवळच्या शाळेत मिळवायचं सरकारने ठरवलं, त्यात आपल्या भागातल्या बऱ्याच होत्या. २०२३ ला समूह शाळांची कल्पना आली. पुण्याकडचं पानशेत आणि नंदुरबारकडचं तोरणमाळ इथल्या समूह शाळांचं उदाहरण देऊन छोट्या शाळा एकत्र आणायचे प्रस्ताव मागवले. तेव्हा राज्यात २० पर्यंत पटाच्या १४,७८३ शाळा होत्या आणि त्यांत १ लाख ८५ हजार मुलं. मार्च २०२४ मध्ये संचमान्यतेचे, म्हणजे कुठल्या शाळेला किती शिक्षक ते ठरवायचे, निकष बदलले, त्याचा चिमटा छोट्या शाळांच्या शिक्षकपदांना बसला, शिक्षक संघटना रस्त्यावर उतरल्या. तरीही दर एक-दोन वर्षांनी 'शाळा बंद'ची हूल उठते आणि वाडीतली शाळा जूनमध्ये उघडते, हेही मी पाहिलंय. हूल उठली की चार आया घाबरून मुलं काढतात, पट आणखी खाली जातो, आणि मग ती अफवा स्वतःलाच खरी करते. तुमच्या मुलीला इथे फक्त चार वर्षं काढायची आहेत. पाचवीला ती तशीही बाहेर जाईल.

समायोजनाची, म्हणजे शाळा दुसऱ्या शाळेत मिळवायची, वेळ आलीच, तर नकाशावरचं अंतर मान्य करू नका. पहिली ते पाचवीच्या मुलाला एक किलोमीटरच्या आत शाळा, हा नियम आहे. जुलैत पऱ्याला पाणी आल्यावर पायवाटेने किती वेळ लागतो, ते ग्रामसभेत लिहून द्या, फोटो जोडा. त्याहून लांब पाठवणार असतील तर वाहतूक भत्ता मागा. समग्र शिक्षा योजनेत त्यासाठी मुलामागे वर्षाला ६,००० रुपयांपर्यंत तरतूद आहे. आणि गाडी खरंच धावते का, ड्रायव्हर कोण, पावसात काय, हे ठरल्याशिवाय सही करू नका. तिकडची शाळा चांगली असेल, तिथे तुमच्या मुलीच्या वर्गात १५ मुलं असतील आणि गाडी दारात येत असेल, तर हट्ट धरू नका. तिला मैत्रिणी मिळतील.

आणि ती भाच्या-पुतण्यांची नावं. ताई, हे होऊ देऊ नका. ३० सप्टेंबरच्या पटावर शिक्षक ठरतात, म्हणून दरवर्षी कुणाच्या तरी डोक्यात ही कल्पना येते. ३ ते ५ ऑक्टोबर २०११ ला राज्यभर पटपडताळणी झाली तेव्हा मी एका शाळेत मुलं मोजायला नेमलेली होते. वर्गात शिरले, हजेरीपुस्तक घेतलं आणि एकेक नाव पुकारू लागले. सातवं नाव पुकारलं, कुणी 'हजर' म्हणालं नाही. पुन्हा पुकारलं. पहिल्या रांगेतली एक चिमुरडी उठून म्हणाली, "बाई, तो दादा फक्त गणपतीत येतो." तिथले मुख्याध्यापक दाराशी उभे होते, त्यांनी मान खाली घातली. चांगले, कष्टाळू गृहस्थ होते. शाळा वाचवायलाच केलं होतं त्यांनी. पण ती मुलगी ज्यांना गुरुजी म्हणत होती, त्यांना तिच्यासमोर असं उभं राहावं लागलं. आता आधार जोडलेला असतो, तिकडे मुंबईच्या शाळेत त्याच मुलाचं नाव असतं, पकडलं जाईलच. पण पकडलं गेलं नाही तरी करू नये.

मुंबईकरांना मदतच करायची असेल तर वाडीच्या मंडळाला सांगा: मोठ्या पावसाच्या आधी साकव नीट बांधून द्या, आणि दोन शाळा शनिवारी एकत्र येतील तेव्हा त्या १५-२० पोरांच्या खाऊचं बघा. नावांपेक्षा त्याने शाळा जास्त टिकेल.

शाळापूर्व तयारी मेळाव्याची तारीख अंगणवाडीत विचारून ठेवा, मुलीला घेऊन जा. जाताना पलीकडच्या वाडीत पहिलीला येणारी मुलगी असेल, तर तिच्या आईलाही बरोबर घ्या. आणि दिवाळीनंतर मला एक पत्र टाका. त्यात मुलीने कुठलं न शिकवलेलं पान वाचून दाखवलं, ते लिहा.

तुमच्या,
बाई